आठवड्याच्या १६८ तासांचा हिशेब

दिवसाला चोवीसच तास मिळतात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. आठवड्याला १६८ तास मिळतात, असे मात्र कोणी म्हणताना आढळत नाही. वेळेच्या नियोजनासाठी दिवसाऐवजी आठवडा हे माप धरणे सोयीचे असते. एखादा दिवस पाहुणे, आजारपण किंवा कार्यालयातील तातडीचे काम यांत पार बुडून जातो. सातही दिवस सहसा बुडत नाहीत. अमेरिकी लेखक स्टीफन कव्ही यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द सेव्हन हॅबिट्स ऑफ हायली इफेक्टिव्ह पीपल’ या पुस्तकात साप्ताहिक नियोजनाचीच शिफारस केली आहे.

डोंबिवलीहून फोर्टमधील कार्यालयात जाणाऱ्या नोकरदाराचे उदाहरण घेता येईल. रोजची सात तासांची झोप वजा केली, की ११९ तास उरतात. पाच दिवसांची नोकरी, मधल्या सुट्टीसह, ४५ तास. घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत जाऊन-येऊन रोज तीन तास, म्हणजे आठवड्याला १५. स्नान, जेवणखाण आदींचे साडेसतरा आणि बाजारहाट, बिले, मुलांचा अभ्यास यांचे १४ तास धरले, तरी साडेसत्तावीस तास शिल्लक राहतात. कागदावर दिसणारे हे तास प्रत्यक्षात सापडत नाहीत, हीच खरी अडचण.

ते जातात कोठे, हे शोधण्याचा मार्ग व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी १९६७ मध्येच सांगून ठेवला. नियोजनाला हात घालण्यापूर्वी वेळेची नोंद करावी, आणि तीही स्मरणाने नव्हे, त्या त्या वेळी. एक आठवडा अशी वही ठेवली, तर मोबाइल व दूरचित्रवाणीसमोर गेलेले तास आकड्यांत दिसू लागतात. हा आठवडा कंटाळवाणा असतो, पण तो टाळून आखलेला तक्ता अंदाजावरच उभा राहतो.

त्यानंतर सात रकान्यांचा कागद घेऊन झोप, नोकरी आणि प्रवास आखावेत. लगेच वैयक्तिक अग्रक्रमाच्या गोष्टी लिहाव्यात. किरकोळ कामे शेवटी. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो, आणि उरलेल्या वेळेसाठी ठेवलेली गोष्ट मागेच पडते. अग्रक्रम दोन किंवा तीनच असावेत. ‘व्यायाम’ एवढाच शब्द लिहून भागत नाही. ‘मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी ६ ते ६.४५, मैदानावर चालणे’ असे लिहावे. केव्हा, कोठे आणि कसे हे आधी ठरलेले असले, तर संकल्प तडीस जाण्याची शक्यता वाढते, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून दिसून आले आहे.

प्रत्येक गोष्टीला लागणाऱ्या वेळेचा आकार निराळा असतो, आणि तक्ते फसतात ते बहुधा येथेच. गाण्याच्या रियाजाला रोजची चाळीस मिनिटे हवीत. रविवारी सलग चार तास गळा तापवून ती भरपाई होत नाही. लेखन किंवा मोठ्या ग्रंथाचे वाचन यांचे उलट आहे. तेथे वीस मिनिटांचे सात तुकडे फारसे कामाचे नसतात, दोन-अडीच तासांची एक बैठक लागते. दुसऱ्या उपनगरात राहणाऱ्या वृद्ध आई-वडिलांची भेट तासांपेक्षा वार मागते. बुधवारी मुलगा येतो, हे ठाऊक असले की मंगळवारपासून वाट पाहिली जाते.

काम किती वेळात होईल याचा अंदाज माणूस नेहमी कमीच बांधतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले होते. म्हणून शिल्लक साडेसत्तावीस तासांपैकी पाच-सहा तास कोरेच ठेवावेत. रविवारचा मेगाब्लॉक आणि जुलैचा पाऊस ज्या शहरात आहेत, तेथे हा सल्ला अधिकच लागू पडतो. हुकलेली बैठक त्याच आठवड्यातील कोऱ्या जागेत हलवावी.

सलग मोकळा वेळ मिळतो तो सुट्टीच्या दिवशी. हा दिवसही मागून घ्यावा लागलेला आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी दिलेल्या लढ्यानंतर, जून १८९० मध्ये. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला. घरातील स्त्रीचा रविवार मात्र अनेकदा आठवड्यातील सर्वांत कष्टाचा दिवस असतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. वरच्या वजाबाकीत १४ तासांऐवजी २८९ मिनिटांचे आठवड्याचे सुमारे ३४ तास घातले, तर तशाच नोकरीतील स्त्रीपाशी साडेसत्तावीसऐवजी जेमतेम साडेसात तास उरतात.

एकट्याने आखलेला आदर्श तक्ता म्हणूनच संशयास्पद ठरतो. पतीचे सकाळी सहाचे चालणे पत्नीच्या डबा करण्याच्या वेळेवर उभे असेल, तर तो वेळ मोकळा नसून उसना आहे. घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा रकाना एकाच कागदावर असावा आणि भाजी चिरणे, गिरणीतून दळण आणणे, कपडे वाळत घालणे ही कामे नावानिशी लिहावीत. ‘मदत’ हा शब्द त्या कागदावर नसलेला बरा. मदत सवडीने होते, नावावरचे काम वेळेवर करावे लागते.

शुक्रवारी रात्री अर्धा तास बसून पुढील आठवडा पाहून घ्यावा. सलग चार आठवडे कोरा राहिलेला चौकोन एक तर चुकीच्या वेळी टाकलेला असतो, किंवा ती गोष्ट मुळात अग्रक्रमाची नसते. पहिल्या बाबतीत वेळ बदलावी, दुसऱ्या बाबतीत ती गोष्ट खोडून टाकावी. गणेशोत्सव, दिवाळी, मुलांच्या परीक्षा आणि मार्चअखेर या आठवड्यांना नेहमीचा तक्ता लावू नये. त्यांच्यासाठी एकच अग्रक्रम ठेवलेला वेगळा कागद आधीच तयार असावा.