मल्हारनगरचा रुपया

इंदूरचं एक नाव असं आहे, की ते दुकानाच्या पाटीवर नाही, रेल्वेच्या तिकिटावर नाही आणि रिक्षावाल्याला सांगितलं तर तो मल्हारगंजात नेऊन सोडेल. ते नाव आहे मल्हारनगर. फारसी लिपीत, तेही बहुधा अर्धंमुर्धं, ते चांदीच्या रुपयावर उमटलेलं आहे.

या शहराची मूळ वस्ती म्हणजे जुनी इंदूर. (‘जुनं’ का नाही, असं पुण्याहून आलेला पाहुणा विचारतो. यजमान उत्तर देत नाही, पोह्यांची बशी पुढे सरकवतो.) कान्ह नदीच्या काठी जमीनदारांच्या बड्या रावळ्याभोवती ही वस्ती होती. राव नंदलाल मंडलोईंच्या वेळेपासून तिथे व्यापाऱ्यांचा राबता वाढत गेला. पेशव्यांनी माळव्याचा वाटा मल्हारराव होळकरांना दिला, नदीपलीकडे राजवाडा उभा राहिला आणि गावाचं शहर झालं. टांकसाळीच्या कागदोपत्री हे शहर मल्हारनगर होतं. वस्ती म्हणत राहिली इंदूरच.

या रुपयाचं कूळ काढायचं तर शेरशहा सूरापर्यंत मागे जावं लागतं. सोळाव्या शतकात त्याने साडेअकरा ग्रॅमच्या आसपास वजनाचा चांदीचा रुपया पाडला. मोगलांनी तोच पुढे चालवला आणि मोगलांचं बळ ओसरलं तरी रुपया टिकला. मराठा सरदार माळव्यात आले तेव्हा बाजाराला सवय होती ती बादशहाच्या नावाच्या नाण्याची. होळकरांनी ती मोडली नाही. मल्हारनगरच्या टांकसाळीतून निघालेल्या रुपयावर एका बाजूला बादशहा शाह आलम, दुसऱ्या बाजूला जुलूस म्हणजे त्याच्या गादीचं वर्ष आणि टांकसाळीचं नाव, असा मजकूर फारसीत असे. होळकरांचं नाव कुठेच नाही.

मग हा रुपया होळकरांचा, हे ओळखायचं कसं?

उत्तर एका पानात आहे. अहिल्याबाईंनी १७६७ साली कारभार हाती घेतला आणि त्या महेश्वराहून राज्य पाहू लागल्या. त्यांच्या हुकमांवर स्वतःचं नाव नसे, ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ अशी अक्षरं असत. कागदावर शंकर होता आणि नाण्यावर शाह आलम. पण नाण्याच्या फारसी ओळींच्या मध्ये कोरणाऱ्याने एक बेलपान बसवलं, तीन दळांचं, खाली देठ असलेलं. काही नाण्यांवर शिवलिंगही आहे. माळव्याच्या शेतकऱ्याला फारसी येत नव्हती, आणि बाजारात बसलेल्यांतल्या कितीजणांना तरी येत असेल? बेलपान मात्र सगळ्यांना कळत होतं. बादशहाचं नाव दरबारी रिवाजासाठी होतं आणि पान गिऱ्हाइकासाठी. या रुपयाची खरी सही ते पानच आहे.

आता एक रुपया हातात घेऊन पाहावा. तो जाड असतो, पूर्ण गोल नसतो, कडा कुठे दबलेल्या तर कुठे फुगलेल्या. अक्षरं काठावर येऊन तुटलेली. याला कारण नाणं पाडायची रीत. चांदी वितळवून, तुकडे पाडून, वजन करून, गरजेप्रमाणे कातरून टिकली तयार करायची. खालचा ठसा ठोकळ्यात घट्ट बसवलेला, वरचा कारागिराच्या हातात. टिकली मध्ये ठेवायची आणि वरून घण घालायचा. ठसा टिकलीपेक्षा मोठा, त्यामुळे एका रुपयावर सगळा मजकूर मावतच नसे. कुणाच्या वाट्याला ‘शाह’ येई, कुणाच्या वाट्याला नुसता ‘आलम’. पूर्ण ठसा उमटावा म्हणून मोठ्या टिकलीवर पाडलेली नाणी दरबारात नजराण्याला जात. बाजाराच्या नशिबी तुकडेच.

म्हणूनच सराफाचं महत्त्व. माळव्याच्या बाजारात एकटा मल्हारनगरचाच रुपया नव्हता. उज्जैनचा होता, प्रतापगडचा सालिमशाही होता, आणखीही होते. सराफ नाणं दगडावर आपटून आवाज ऐके, घासून पाही, तोली आणि मग दर सांगे. जुनं, झिजलेलं किंवा परक्या टांकसाळीचं असेल तर दर्शनी किमतीतून काही कापून घेई. ही कापणी म्हणजे बट्टा. नावाला बट्टा लागतो तो इथूनच. चालू राज्यातल्या चालू नाण्याला म्हणत ‘हाली’. आपण ‘हल्ली’ म्हणतो तो याच शब्दाचा भाऊ. हुंडीच्या व्यवहारातूनही असाच एक शब्द घरात शिरला आहे. पत असलेल्या माणसालाच पैसे द्यावेत, अशी जी हुंडी असे ती शहाजोग. त्या शब्दाचं पुढे मराठीने काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. पतदार माणसाचा साळसूद माणूस झाला, यात सावकारांविषयीचं लोकमत किती आणि योगायोग किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

पहिल्या यशवंतराव होळकरांनी मात्र लिपीच बदलली. १८०४ साली त्यांनी इंग्रजांच्या कर्नल मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडवली होती. १८०५ च्या अखेरीस इंग्रजांशी तह झाला आणि शके १७२८ म्हणजे १८०६ साली त्यांनी जो रुपया पाडला त्यावर फारसी नव्हती. नागरी अक्षरांत संस्कृत श्लोक होता, आणि त्यात यशवंतरावांचं नाव. आता वाटेल, बादशहा सुटला. पण श्लोक वाचला की कळतं, इंद्रप्रस्थी बसलेल्या चक्रवर्ती राजाच्या कृपेने ही मुद्रा झाली, असं त्यातही म्हटलेलं आहे. दिल्लीचं इंद्रप्रस्थ झालं, बादशहाचा चक्रवर्ती झाला, पण मान त्याचा त्यालाच राहिला. हा चक्रवर्ती तेव्हा म्हातारा आणि आंधळा होता. १७८८ साली रोहिला सरदार गुलाम कादिराने शाह आलमचे डोळे काढले होते. १८०६ सालीच तो वारला.

तो वारला म्हणून रुपया थांबला नाही. महिदपूरची लढाई होळकर हरले, १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला, राजधानी इंदुरात आली. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या रुपयावरून मोगल बादशहाचं नाव काढून टाकलं. इंदुरी रुपयावर शाह आलम तसाच राहिला. शेजारी एक चिन्ह मात्र मोठं होत गेलं: सूर्याचं मुख, भोवती किरणं. तांब्याच्या नाण्यांवर नंदी बसला. गंमत अशी, की दुसरे तुकोजीराव होळकर काही जुन्याला चिकटून बसणारे नव्हते. खंडवा-इंदूर रेल्वेसाठी त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. इंदुरात त्यांनी कापडगिरणी उभारली. पण त्यांच्या टांकसाळीचा रुपया मरून साठ-सत्तर वर्षं झालेल्या बादशहाच्या नावानेच निघत होता. याला लाचारी म्हणणं सोपं आहे. ज्या नाण्याला बाजार विनातक्रार घेतो त्याच्या अंगाला हात लावू नये, ही व्यापारी अक्कल त्यामागे असावी, असं म्हणणं जास्त पटतं.

शिवाजीराव होळकरांच्या वेळी यंत्र आलं, नाणी एकसारखी गोल निघू लागली आणि राजाची स्वतःची छबी रुपयावर आली. ती आली तेव्हा खेळ संपत आला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी हाली रुपया मागे घेतला गेला आणि इंग्रजी रुपया चालू झाला. नंतर दुसऱ्या यशवंतरावांची मुद्रा १९३५ च्या तांब्याच्या पाव आण्यावर आणि अर्ध्या आण्यावर दिसते. रुबाबदार चेहरा, किंमत पैशाची.

इंदूरच्या आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जुनी नाणी आहेत. संग्रहालय १९२९ पासूनचं. येणाऱ्यांचे पाय मात्र हिंगलाजगडच्या शिल्पांपाशी थांबतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. नाणं काचेपलीकडे ठेवलं की ते मुकं होतं. त्याला वजन हवं, आवाज हवा, उलटून पाहता यायला हवं. फक्त पैशाला वाहिलेली संग्रहालयं पाहायची तर नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली सुरू झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, किंवा मुंबईच्या फोर्टात रिझर्व्ह बँकेचं २००४ साली उघडलेलं संग्रहालय. होळकरी रुपयाच्या गावापासून तासाभरावर देवासला मात्र पैसा अजून तयार होतो. तिथला नोटांचा छापखाना १९७४ पासूनचा. नोटांची शाईसुद्धा तिथेच बनते.

२०२५ च्या मे महिन्यात, अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षं झाली तेव्हा, भोपाळच्या समारंभात ३०० रुपयांचं एक स्मारक नाणं निघालं. त्यावर अहिल्याबाईंची छबी आहे. हयातीत ज्या बाईंनी बेलपानावर भागवलं, त्यांचं तोंड आता नाण्यावर आलं. हे नाणं चलनात मात्र नाही. रात्री इंदूरच्या सराफा बाजारात गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, गाडीवर कुणी ते पुढे केलंच, तर गाडीवाला उलटसुलट करून बघेल, शेजारच्याला दाखवेल, आणि क्यूआर कोडाच्या फळीकडे बोट करेल.