आपलं तेल देशाबाहेर जात नाही, मग पेट्रोल स्वस्त का होत नाही?

पेट्रोलचे दर वाढले की सोशल मीडियावर एक प्रश्न हमखास फिरतो. मुंबईजवळच्या समुद्रात तेल आहे, आसाममध्ये आहे, राजस्थानात आहे. मग आपलं तेल जातं कुठं? ते बाहेर विकलं जातं का?

नाही. भारतात निघणारं कच्चं तेल निर्यात करता येत नाही, ते देशातल्याच रिफायनरींना विकावं लागतं. तरीही पंपावरचा दर कमी होत नाही.

मुळात तेल निघतं किती?

१९७४ मध्ये बॉम्बे हाय इथं तेल सापडलं आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरचं हे क्षेत्र आजही देशासाठी महत्त्वाचं आहे. पण २०२३-२४ मध्ये देशभरात मिळून निघालं सुमारे २.९ कोटी टन कच्चं तेल. त्याच वर्षी बाहेरून आणलं २३ कोटी टनांहून जास्त. म्हणजे साधारण नऊ टनांमागे एक टन आपला, बाकी आठ परदेशी.

निर्यातबंदीवरून वाद झाला होता का?

झाला होता, आणि तो थेट कोर्टात गेला. राजस्थानातल्या बाडमेरमध्ये २००४ साली मोठा साठा सापडला, २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं. हे तेल मेणासारखं घट्ट होतं. ते वाहतं राहावं म्हणून गुजरातपर्यंत गरम ठेवलेली पाइपलाइन टाकावी लागली. प्रत्येक रिफायनरीला असं तेल चालत नाही, त्यामुळे ते आंतरराष्ट्रीय दरापेक्षा कमी भावात विकलं जात होतं.

केर्न इंडियाचं म्हणणं होतं की देशात पूर्ण गिऱ्हाईक नसेल तर उरलेलं तेल बाहेर विकू द्या, तिथं जास्त भाव मिळेल. सरकारनं करारावर बोट ठेवलं. देश तेलात स्वयंपूर्ण होईपर्यंत तेल देशातच विकायचं, असं त्यात ठरलं होतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं कंपनीची याचिका फेटाळली.

मग ग्राहकाला फायदा का दिसत नाही?

कारण बंदी विक्रीच्या ठिकाणावर आहे, भावावर नाही. देशातलं कच्चं तेलही आंतरराष्ट्रीय दराच्या आधारानंच विकलं जातं. वर रिफायनरीचा खर्च, केंद्राचं उत्पादन शुल्क, राज्याचा व्हॅट आणि डीलरचं कमिशन लागतं.

देशी तेल मुद्दाम स्वस्तात देण्याचा प्रयोगही झालाय. डिझेल, रॉकेल आणि सिलिंडरचे दर दाबून ठेवण्यासाठी ओएनजीसीला अनेक वर्षं सरकारी तेल कंपन्यांना सवलतीत कच्चं तेल द्यावं लागलं. ग्राहकाला दिलासा मिळाला, पण नव्या विहिरी खोदण्यासाठी लागणारा पैसा त्यात गेला, असा आक्षेप घेतला गेला. पुढे २०१० मध्ये पेट्रोल आणि २०१४ मध्ये डिझेल सरकारी दरनियंत्रणातून बाहेर पडलं.

२०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे दर भडकले, तेव्हा सरकारनं वेगळा मार्ग घेतला. १ जुलैपासून देशी कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपये जादा कर लावला. कंपन्यांना आयता मिळालेला नफा तिजोरीत आला. हा कर पुढे कमीजास्त होत राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला.

पण पेट्रोल-डिझेल तर निर्यात होतं ना?

हो, खरी गंमत इथंच आहे. कच्चं तेल बाहेर जाऊ शकत नाही, पण त्याचं डिझेल झालं की जाऊ शकतं. २०२३-२४ मध्ये भारतानं सहा कोटी टनांहून जास्त पेट्रोलियम पदार्थ निर्यात केले. यात मोठा वाटा आयात केलेल्या तेलापासून बनवलेल्या मालाचा असतो. २०२२ मध्ये देशात टंचाई होऊ नये म्हणून या निर्यातीवरही कर लावला गेला. शिवाय निर्यातदारांनी मालाचा ठरावीक हिस्सा देशात विकावा, अशी अट घातली गेली.

अमेरिकेनं काय केलं?

१९७३ च्या अरब तेलबंदीचा दणका बसल्यावर अमेरिकेनं १९७५ मध्ये कच्च्या तेलाच्या निर्यातीवर कडक निर्बंध घातले. शेल तेलामुळे उत्पादन वाढलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये ते उठवले. तिथं निघणारं तेल बरंचसं हलकं, तर अनेक रिफायनरी जड तेलासाठी बांधलेल्या. त्यामुळे अमेरिका एकाच वेळी तेल विकते आणि विकतही घेते. भारताकडे मात्र विकायला शिल्लकच नाही.

मग बंदीचा उपयोग काय?

उपयोग संकटाच्या काळात आहे. बॉम्बे हायच्या तेलाला होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडावी लागत नाही आणि त्यासाठी डॉलर देऊन आयातही करावी लागत नाही. पण ही हमी पुरवठ्याची आहे, तीही नऊपैकी एका टनापुरती. दर उतरायचा तर जागतिक बाजार उतरावा लागतो, सरकारनं कर सोडावा लागतो किंवा तेल कंपन्यांनी तोटा सोसावा लागतो.