त्रिकोणी पट्टी आणि काळे कापड

मिलानच्या मोठ्या कॅथेड्रलला लागून काचेच्या उंच छताखाली एक देखणी बाजारपेठ आहे, गॅलेरिया व्हित्तोरिओ इमानुएले. १९१३ साली मारिओ प्राडा यांनी आपले बंधू मार्टिनो यांच्या साथीने तिथे चामडी सामानाचे दुकान थाटले. प्रवासाच्या ट्रंका, हातपिशव्या, प्रसाधनाच्या पेट्या आणि इंग्लंडहून मागवलेल्या उंची चीजवस्तू तिथे मिळत. काही पेट्या वॉलरसच्या कातड्याच्या असत. सहा वर्षांनी, १९१९ मध्ये, हे दुकान इटलीच्या राजघराण्याचे अधिकृत पुरवठादार झाले. त्याबरोबर सावॉय घराण्याची ढाल आणि दोराच्या गाठी आपल्या नावाशेजारी मिरवण्याचा मान मिळाला. प्राडांच्या ट्रंकांवर धातूची एक त्रिकोणी पट्टी ठोकलेली असे. नाव, गाव, साल आणि राजचिन्ह, सगळे त्या तळहाताएवढ्याही नसलेल्या त्रिकोणात मावलेले. आज जगभर ओळखली जाणारी प्राडाची खूण ती हीच.

या पट्टीची कुळकथा मला मोलाची वाटते, कारण ज्या ट्रंकेवर ती जन्मली ती ट्रंक नाहीशी झाली आणि पट्टी उरली. ती उरली ती घरातल्या लेकींमुळे. वॉलरसच्या कातड्याची पेटी रिकामी असतानाच जड. ती उचलायला हमाल, ठेवायला आगगाडीचा सामानडबा किंवा आगबोटीचे तळघर लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर ती दुनिया सरली. १९४६ च्या सार्वमतात इटालियन जनतेने राजेशाही निकालात काढली, म्हणजे राजघराण्याच्या पुरवठादाराला राजाच उरला नाही. पाठोपाठ विमानप्रवास आला आणि सामान तोलून घेतले जाऊ लागले. त्या मोजमापात ही पेटी कुठे बसणार?

मारिओंबद्दल सांगतात की धंद्यात बायकांचे काम नाही, असे त्यांचे ठाम मत होते. मुलाला मात्र दुकानात रस नव्हता. अखेर कारभार आला तो मुलीकडे, लुइझाकडे, आणि तिने तो जवळपास वीस वर्षे सांभाळला. लुइझांच्या वाट्याला या कथेत नेहमी एकच ओळ येते, याचे मला वाईट वाटते. गिऱ्हाईक बदलत असताना आणि माल जुना होत असताना रोज सकाळी दुकानाचे दार उघडायचे, हे काम त्यांनी केले नसते तर पुढच्या पिढीच्या हाती द्यायला काही शिल्लकच राहिले नसते.

ती पुढची पिढी म्हणजे लुइझांची मुलगी मिउच्चा. जन्मनाव मारिया बियांकी, जन्म १९४९ चा. मिलानच्या विद्यापीठातून त्यांनी राज्यशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्या कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद होत्या, स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीत होत्या, आणि पिक्कोलो तेआत्रो या नामवंत नाट्यसंस्थेत त्यांनी काही वर्षे मूकाभिनयाचे शिक्षण घेतले. सत्तरच्या दशकातले मिलान संप, मोर्चे आणि निदर्शनांनी तापलेले होते. अशा काळात चळवळीतल्या बाईने श्रीमंतांच्या पिशव्या विकायच्या, याची आपल्याला लाज वाटे, असे मिउच्चांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. तरीही १९७८ च्या सुमारास त्यांनी आईकडून धंद्याची सूत्रे घेतली.

नाव ‘प्राडा’ व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. आईच्या अविवाहित बहिणीने त्यांना दत्तक घेतले आणि बियांकींची मुलगी कायद्याने प्राडा झाली. घराणे दत्तकाने चालवणे मराठी वाचकाला नवे नाही. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक गेला, म्हणून कोल्हापूरच्या गादीला शाहू महाराज लाभले. इथे फरक इतकाच की दत्तक घेणारी मावशी होती आणि दत्तक गेलेली भाची. आजोबांनी ज्या दारातून बायकांना आत येऊ दिले नसते, त्याच दारावरचे नाव पुढे नेण्याचा अधिकार एका बाईने दुसरीला दिला.

धंद्याला कलाटणी मिळण्यात आणखी एका माणसाचा वाटा आहे. पात्रिझिओ बेर्तेल्ली हे टस्कनीतल्या आरेत्झोचे, त्यांचा स्वतःचा चामडी वस्तूंचा कारखाना होता. १९७७ च्या सुमारास मिलानच्या एका व्यापारी प्रदर्शनात दोघांची गाठ पडली. पुढे ते मिउच्चांचे भागीदार आणि पती झाले. इंग्लंडहून माल आणणे बंद करा आणि प्रवासी सामानाचा ढाचा बदला, असा त्यांचा सल्ला होता. आयात केलेला माल कुणीही विकू शकतो. घर टिकवायचे तर घरचेच काहीतरी हवे होते.

ते घरचे काहीतरी म्हणून मिउच्चांनी निवडले नायलॉन. हा निर्णय किती धाडसाचा होता हे कळायला नायलॉनची जातकुळी पाहायला हवी. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांच्या हाताखाली हा धागा तयार झाला. १९३८ मध्ये तो जगापुढे आला, आधी दात घासण्याच्या ब्रशमध्ये आणि मग स्त्रियांच्या मोज्यांमध्ये. अमेरिका युद्धात उतरताच जवळपास सगळा धागा सैन्याकडे वळला: हवाई छत्र्या, दोर, तंबू. धागा मजबूत, वजनाला हलका, पाण्याला न जुमानणारा. मान मात्र नाही. प्रयोगशाळेत जन्मलेल्या या धाग्याला कुळ नव्हते, आणि प्राडांचा सगळा व्यापार कुळावर उभा होता.

मारिओ आपल्या ट्रंकांवर घालायच्या खोळींसाठी हेच कापड वापरत, अशी कथा वारंवार छापली जाते. नायलॉन बाजारात आले १९३८ नंतर. त्यामुळे दुकानाच्या वैभवाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तरी ते ट्रंकांवर असणे शक्य नाही. ही कथा इतकी का आवडते हे मात्र समजू शकते. नातीने आणलेली नवलाई आजोबांच्याच माळ्यावरून निघाली असे म्हटले की वारसा अखंड वाटतो. मला त्या आधाराची गरज वाटत नाही. नातीने बाहेरची वस्तू घरात आणली आणि तिला घराचे नाव दिले, यातच तिचे कर्तृत्व अधिक आहे.

लष्करी सामानासाठी बनणाऱ्या घट्ट विणीच्या नायलॉनवर त्यांची नजर गेली. बारीक धागा दाट विणला की त्यावर रेशमासारखी मंद झळाळी येते. त्या काळ्या कापडाला त्यांनी चामड्याच्या कडा लावल्या, शिलाई चामड्याच्या पिशवीला शोभेल अशी करवली, आणि समोर बसवली आजोबांची त्रिकोणी पट्टी. ‘वेला’ नावाची पाठीवरची पिशवी १९८४ मध्ये आली. सुरुवातीला ती फारशी खपली नाही. नायलॉनसाठी एवढी किंमत का मोजायची, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न रास्तच होता.

उत्तर मिळाले ते वापरणाऱ्या बायकांकडून. कचेरीत जाणारी, विमानाने फिरणारी, पावसात भिजणारी बाई दोन्ही हात मोकळे ठेवून चालू शकत होती. पिशवी चुरगळली, ओली झाली, कोंबून भरली तरी बिघडत नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला तिला मागणी आली आणि नव्वदच्या दशकात ती सगळीकडे दिसू लागली. नकला तर जगभरच्या पदपथांवर टांगलेल्या असत. १९८८ मध्ये मिउच्चांनी स्त्रियांच्या तयार कपड्यांचा पहिला संग्रह दाखवला, १९९३ मध्ये ‘मिउ मिउ’ हे दुसरे नाव काढले. पुढचा विस्तार, २०११ मधली हाँगकाँगच्या शेअर बाजारातली नोंदणी, हा सगळा इमला त्या काळ्या कापडाच्या पायावर उभा आहे. २०१९ पासून घराने हेच कापड फेकलेली मासेमारीची जाळी आणि टाकाऊ नायलॉन यांच्यावर पुन्हा प्रक्रिया करून काढलेल्या धाग्यातून विणायला घेतले.

वॉलरसचे कातडे सोडले, राजाश्रय सरला, माल बदलला. राखले ते नाव, ती पट्टी आणि हातकामाची शिस्त. आपले मूळ इतक्या काळजीने जपणाऱ्या घराकडून दुसऱ्याचे मूळ विसरले जावे, हे म्हणूनच अधिक लागते. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाचा पुरुषांच्या कपड्यांचा सोहळा झाला. त्यात तरुणांच्या पायांत कोल्हापुरी होती, पण नाव होते नुसते ‘चामडी सॅंडल’. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने प्राडाला पत्र लिहिले. मिउच्चांचे चिरंजीव लोरेंझो बेर्तेल्ली यांच्याकडून आलेल्या उत्तरात प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याची कबुली होती. जुलैमध्ये कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरमध्ये संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकातले त्याच प्रकारचे महामंडळ यांच्याशी करार झाला: सुमारे २,००० जोड इथल्याच कारागिरांकडून, किंमत जवळपास ८०० युरो, आणि कारागिरांना प्रशिक्षण, काहींना इटलीतही.

हा करार मला महत्त्वाचा वाटतो तो प्रशिक्षणामुळे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले कातडे कापणे, तळ शिवणे, अंगठा बसवणे ही कामे बहुधा पुरुष करतात. पट्ट्यावरची बारीक वेणी विणायला मात्र घरातल्या बायका बसतात. चपलेची नजाकत त्या वेणीत असते, पण धंदा त्यांच्या नावावर क्वचितच असतो. इटलीला शिकायला जाणाऱ्यांच्या यादीत त्या बायकांची आणि त्यांच्या लेकींची नावे पहिल्यांदा यावीत, आणि परतल्यावर कारखान्याच्या कागदांवरही.