शेर मोठा की लिटर?

माझ्या लहानपणी मालवणच्या बाजारात एक प्रश्न हमखास ऐकू येई: "लिटर म्हणजे किती शेर?" त्या वेळी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते; सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने अंमलात आला आणि १ एप्रिल १९६२ पासून दशमान वजने सक्तीची झाली. छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर यांच्यावर वाढलेल्या बायाबापड्यांना हिशेब नव्याने शिकावा लागला.

प्रश्न सोपा, पण उत्तर एक नव्हे. शेर म्हणजे ८० तोळे, सुमारे ९३३ ग्रॅम. लिटरभर पाणी एक किलो, म्हणजे पाऊणेशहाऐंशी तोळे. तेव्हा पाण्याचे लिटर म्हणजे शेर आणि वर छटाकभर. पण शेर तागडीतला, लिटर भांड्यातले. शेर भार सांगतो, लिटर जागा सांगते. मग भांड्यात काय ओतले यावर सारे ठरते.

लिटरभर दूध पाण्याहून जड, सुमारे ८८ तोळे. लिटरभर खोबरेल हलके, जेमतेम ७९ तोळे; म्हणजे जवळजवळ शेरच! दिवाळीच्या अभ्यंगाचे तेल शेराच्या भावाने लिटरभर घेतले, तर देणाराही फसला नाही आणि घेणाराही. दुधाचे तसे नाही. वजनी शेराला दहा आणे पडत असतील, तर लिटरला अकरा आणे रास्त. बारा मागणारा लुबाडतो, दहाच देणारा गवळ्याच्या पोटावर पाय देतो. रॉकेल तर याहून हलके, लिटरला ६९ तोळ्यांच्या आसपास. ते मात्र चार गॅलनच्या, म्हणजे अठरा लिटरच्या डब्यांतून येई, म्हणून तिथे शेराचा प्रश्नच नसे.

शिवाय शेर मापातलाही असे, आणि मापातला शेर गावोगाव वेगळा. ज्याचे माप त्याचा न्याय! खरे नुकसान होई ते नवटाकभर तेल उधार नेणाऱ्या गरिबाचे. त्याला भाव विचारता येई, माप तपासता येत नसे. मालवणात आणि मुंबईत एकच असलेले लिटर, मला वाटते, त्याच्याच बाजूने उभे राहिले.

शेर बाजारातून गेला, पण बोलीतून गेला नाही. शेरास सव्वाशेर आजही भेटतोच; लिटरास सव्वालिटर भेटल्याचे मात्र मी अजून ऐकलेले नाही.