परळच्या डॉक्टरांचा शोधनिबंध

१७. ‘परळच्या डॉक्टरांचा तो निबंध’ : डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्यासह १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध येथे अभिप्रेत आहे. निबंध जेमतेम दोन पानांचा. पण त्यामुळे ‘बॉम्बे रक्तगट’ जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. ‘ए’ व ‘बी’ प्रतिजने ‘एच’ या पायावर उभी राहतात. या गटाच्या माणसांत तो पायाच नसतो. नेहमीच्या तपासणीत त्यांचे रक्त ‘ओ’ दिसते, मात्र ‘ओ’ रक्त चढवले तर जिवावर बेतते, कारण ‘ओ’मध्ये ‘एच’ भरपूर असते आणि यांच्या शरीरात त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये आधीच तयार असतात. त्यांना फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. आनुवंशिकतेने ‘ए’ वा ‘बी’ मिळूनही ते प्रकट न होण्याचे कोडे या पायाच्या अभावातून उलगडते. निबंधांची संख्या मोजून संशोधकाचे मोठेपण ठरवणाऱ्यांनी ही दोन पाने अवश्य वाचावीत. आणि ज्यांचा गट तपासणीत ‘बॉम्बे’ निघाला असेल, त्या वाचकांनी रक्तपेढीत आपले नाव जरूर नोंदवून ठेवावे. – संपा.