आशाताईच्या वजनकाट्यामागची गोष्ट

दवाखान्यातून बाळंतीण घरी आली की आशाताई येते. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळाचं वजन करते, अंग गरम की गार ते बघते, दूध नीट ओढतंय का विचारते. ही पद्धत दिल्लीच्या कचेरीत बसून कुणाला सुचलेली नाही. तिची सुरुवात गडचिरोलीतल्या खेड्यांत झाली.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. तेव्हा बाळंतपणं बहुतेक घरीच व्हायची. आठ-दहा दिवसांचं बाळ गेलं तर आई रडायची, पण त्याची नोंद कुठे व्हायची? जे मूल कागदावर जन्मलंच नाही, त्याच्या मरणाचा जाब सरकारला कोण विचारणार?

म्हणून आधी मोजणी झाली. १९९३ पासून ३९ गावांत आणि शेजारच्या ४७ गावांत प्रत्येक जन्म-मृत्यू लिहिला गेला. मग फक्त ३९ गावांत गावच्याच, थोडं शिकलेल्या बायकांना शिकवून 'आरोग्यदूत' केलं. त्या घरी जाऊन बाळाला ऊब द्यायच्या, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायच्या, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनही टोचायच्या. गावातली बाई सुई देते म्हटल्यावर मोठ्या डॉक्टरांच्या भुवया चढणारच!

पण आकडे समोर होते. या गावांत हजार जन्मांमागे महिन्याच्या आत दगावणारी बाळं ६२ होती, ती तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आली. शेजारच्या ४७ गावांत आकडा साठीच्या घरातच राहिला. ती ४७ गावं मोजली नसती, तर 'पाऊसपाणी चांगलं झालं म्हणून बाळं वाचली' असंही कुणी म्हणालं असतं. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

तरी सरकार लगेच हललं नाही. महाराष्ट्रात आणखी ७ ठिकाणी, मग ५ राज्यांत करून पाहिलं. देशभर आशांकडे हे काम आलं २०११ मध्ये. म्हणजे १२ वर्षांनी. तेवढ्या काळात किती पाळणे रिकामे राहिले असतील!

आणि आलं तेही पुरतं नाही. घरभेटी आल्या, वजनकाटा आला, इंजेक्शन मात्र आशांच्या हाती दिलं नाही. सगळ्या भेटींचे मिळून मानधन ठरलं २५० रुपये.