ब्रॅमली : शिजवून खायचे सफरचंद

आपल्याकडे जसा रसाचा आंबा वेगळा आणि लोणच्याचा वेगळा, तसे इंग्लंडमध्ये खाण्याचे सफरचंद वेगळे आणि शिजवण्याचे वेगळे. या दुसऱ्या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध जात म्हणजे 'ब्रॅमली'.

उगम : नॉटिंगहॅमशायर परगण्यातील साउथवेल या गावी १८०९ मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने सफरचंदाच्या बिया पेरल्या. त्यातून वाढलेले झाड १८४६ मध्ये घरासह मॅथ्यू ब्रॅमली या खाटकाच्या मालकीचे झाले. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर या तरुण रोपवाटिकाकाराने कलमासाठी काड्या मागितल्या, तेव्हा फळाला आपले नाव द्यावे, अशी अट ब्रॅमलीने घातली. झाड लावणारीचे नाव मात्र मागे पडले.

गुणधर्म : फळ मोठे, हिरवे आणि चपटगोल असते. त्यात मॅलिक आम्ल भरपूर असल्याने ते कच्चे खाताना फार आंबट लागते. पण शिजवल्यावर गर लुसलुशीत होतो आणि चव टिकून राहते. पाय, क्रम्बल व सॉस यांसाठी ते वापरतात. उत्तर आयर्लंडमधील आर्मा येथील ब्रॅमलीला २०१२ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले.

लागवड : बियांपासून हीच जात मिळत नाही, कलमच करावे लागते. झाड जोमाने वाढते, म्हणून छोट्या बागेत ठेंगणा खुंट वापरावा. याच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने पराग निकामी ठरतात. त्यामुळे त्याच सुमारास फुलणाऱ्या आणखी दोन जाती जवळ असाव्यात, म्हणजे तिन्ही झाडांना फळ धरते. काही फळे फांद्यांच्या टोकांना येतात. सरसकट शेंडे छाटू नयेत. ऑक्टोबरमध्ये उतरवलेली फळे थंड जागी कित्येक महिने टिकतात. या झाडाला हिवाळ्यात दीर्घकाळ थंडी लागते. महाराष्ट्राच्या हवेत त्याचा आग्रह धरू नये.

मूळ वृक्ष : १९०० च्या सुमारास वादळात हे झाड कोसळले, पण पडलेल्या फांदीतून पुन्हा उभे राहिले. पुढे मुळे कुजवणाऱ्या बुरशीने त्याला ग्रासले आणि या रोगावर इलाज नाही. म्हणून नॉटिंगहॅम विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ऊतिसंवर्धनाने त्याची रोपे तयार केली. जगातील प्रत्येक ब्रॅमली हे त्या एकाच झाडाचे कलम किंवा कलमाचे कलम आहे. मूळ खोड गेले, तरी मेरी अ‍ॅनने पेरलेले बी त्यांच्या रूपाने फळत राहील.